यंत्रांतील सातबारा आणि दुरुस्तीची वाट

कास्तकाराची जमीन दोन ठिकाणीं असते. एक शिवारांत आणि दुसरी सरकारी दप्तरांत. शिवारांतील जमीन पाऊस आणि मेहनत यांच्या जोरावर पिकते. दप्तरांतील जमीन अक्षरांच्या आणि आंकड्यांच्या जोरावर उभी असते. शेजाऱ्यानें धुरा हातभर सरकविला तर तें दुसऱ्याच दिवशीं डोळ्यांस दिसतें. दप्तरांतील आंकडा सरकला तर तो वर्षानुवर्षें कळत नाहीं, आणि कळतो तेव्हां बहुधा माल विकण्याचा किंवा नुकसानभरपाई मिळण्याचा दिवस दाराशीं येऊन ठेपलेला असतो. हें दप्तर आतां कागदावरून यंत्रांत गेलें आहे. तेथून उतारा मिळविणें पूर्वींपेक्षां फार सोपें झालें, यांत शंका नाहीं. पण त्यांतील चूक दुरुस्त करून घेणें तितकेंच सोपें झालें आहे काय, या एकाच प्रश्नाकडे वाचकांचें लक्ष वेधण्यासाठीं हा लेख लिहिला आहे.

प्रस्तुत लेखकाची हयात महसूल कचेरींत कारकुनी करण्यांत गेली. जुन्या हस्तलिखित दप्तराचे गुण आणि अवगुण दोन्ही त्यास जवळून ठाऊक आहेत. तेव्हां 'जुनें तें सर्व सोनें' असा त्याचा आग्रह नाहीं. पटवाऱ्याच्या बस्त्यांतील कागदांस वाळवी लागे, शाई पुसट होई, खाडाखोड कोणीं व कधीं केली याचा पत्ता लागत नसे. एका उताऱ्यासाठीं चार खेपा घालाव्या लागत, आणि पटवारी गांवीं नसला तर पांचवी. एकाच माणसाच्या हातीं सर्व कागद असल्यामुळें त्याची मर्जी राखावी लागे, ती कशी राखावी लागे हें वाचकांस सांगणें नलगे. यंत्रानें यांतील बरेचसें संकट दूर केलें. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रांत डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळूं लागला, आणि आज कोणीहि कास्तकार पंधरा रुपये भरून घरबसल्या आपला उतारा काढूं शकतो. शेजारच्या कर्नाटकांत 'भूमि' नांवाची अशीच योजना सन २००० च्या सुमारास सुरू झाली होती. केंद्र सरकारनें २००८ सालीं सर्व देशासाठीं जमीन-अभिलेखांच्या आधुनिकीकरणाचा कार्यक्रम हातीं घेतला. ही वाट योग्यच आहे, आणि तींतून मागें फिरावें असें कोणीहि शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं.

तक्रार निराळीच आहे. ती समजण्यासाठीं सातबाऱ्याचें काम पूर्वीं काय होतें आणि आज काय आहे हें पाहिलें पाहिजे. सातबारा म्हणजे गांव नमुना सात आणि गांव नमुना बारा यांचा जोड-उतारा. सातांत जमीन कोणाची, किती, कोणत्या हक्काची आणि तिजवर बोजा कोणाचा हें असतें. बारांत कोणत्या हंगामांत कोणतें पीक किती क्षेत्रावर होतें हें असतें. पूर्वीं हा कागद वर्षांतून एकदोन वेळां लागे. सोसायटीचें कर्ज, खरेदीखत किंवा कोर्टांतील दावा एवढींच त्याचीं निमित्तें. मधल्या काळांत त्यांत चूक असली तरी ती दप्तरांत निजलेली असे.

आतां ती निजत नाहीं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली. कास्तकारानें स्वतः वावरांत उभें राहून मोबाईलवर पिकाचा फोटो घेऊन नोंद करावयाची, आणि ती नमुना बारांत जावयाची. डिसेंबर २०२४ पासून ॲग्रिस्टॅक योजनेखालीं शेतकरी ओळख क्रमांक देण्यास आरंभ झाला, आणि १५ एप्रिल २०२५ पासून कृषि खात्याच्या योजनांच्या लाभासाठीं तो आवश्यक ठरला. हा क्रमांक सातबाऱ्यावरील नांव आणि आधार यांची गांठ घालून तयार होतो. २०२५-२६ च्या हंगामांत सीसीआयनें 'कपास किसान' ॲप काढलें. हमीभावानें कापूस देण्यासाठीं त्यावर आधी नोंदणी करणें, सातबाऱ्यावर कपाशीची नोंद दाखविणें आणि मग आणण्याचा दिवस घेणें आवश्यक झालें. म्हणजे एका सातबाऱ्याच्या खोडास आतां ओळख क्रमांक, पीक नोंद, कापूस विक्री, पीककर्ज आणि अतिवृष्टीचें अनुदान अशा पांच फांद्या फुटल्या आहेत. मुळांत कीड असली तर ती एका फांदीवर थांबत नाहीं.

हें व्यवहारांत कसें घडतें पाहा. समजा, हस्तलिखित उताऱ्यावर एका कास्तकाराचें क्षेत्र १.२० हेक्टर होतें, आणि यंत्रांत भरतांना तें १.०२ असें चढलें. अठरा आर जमीन कागदावरून नाहींशी झाली. पूर्वीं यामुळें फार तर शेतसाऱ्यांत किरकोळ फरक पडला असता. आज त्याच चुकीमुळें पीक पाहणींत अठरा आर कमी धरले जातात, हमीभावानें विकतां येणाऱ्या कापसाची मर्यादा कमी होते, अनुदान कमी येतें आणि कर्जाची पात्रताहि कमी होते. त्याहून कठीण म्हणजे नमुना बारांत कपाशीऐवजीं 'पडीत' असें राहून गेलें तर. मग पऱ्हाटी वावरांत उभी असून कागदावर ती नसते. २०२५-२६ सालीं लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलास ८,११० रुपये होता, आणि त्याच वर्षीं १९ ऑगस्टपासून ३१ डिसेंबरपर्यंत परदेशी कापसावरील ११ टक्के आयातशुल्क माफ होतें. अशा वर्षीं हमीभावाचें दार बंद होणें म्हणजे काय, हें प्रत्येक वाचकानें स्वतःच्या हिशेबानें काढावें. खाजगी बाजार हमीभावाहून क्विंटलामागें पांचशेंच रुपयांनीं उतरलेला धरला, तरी वीस क्विंटलांवर दहा हजार रुपये होतात. आणि हे दहा हजार रुपये कीड, पाऊस किंवा आळस यांनीं नव्हे, तर एका शब्दानें गेलेले असतात.

आतां या चुका कोठून येतात तें पाहूं. पहिलें कारण नांवांचें. आपल्या जुन्या उताऱ्यांवर एकत्र कुटुंबाच्या कर्त्याचें नांव 'ए.कु.मॅ.' अशा शेऱ्यानें लागलेलें असतें, अज्ञानाच्या नांवापुढें 'अ.पा.क.' लिहिलेलें असतें, बापाच्या नांवाऐवजीं कोठें आज्याचें नांव असतें, आणि मुलीचें माहेरचें नांव सातबाऱ्यावर व सासरचें आधारावर असतें. माणसाच्या डोळ्यास हीं दोन नांवें एकाच व्यक्तीचीं आहेत हें कळतें. गांवच्या कोतवालास तर विचारावेंहि लागत नाहीं. यंत्रास तें कळत नाहीं. त्यास अक्षरास अक्षर जुळावें लागतें. कित्येक उताऱ्यांवर तर मयत खातेदारांचींच नांवें होतीं. त्यासाठीं राज्य सरकारला १ एप्रिल २०२५ पासून 'जिवंत सातबारा' मोहीम काढावी लागली, हें या दुखण्याचें मोठेंच प्रमाण होय. मयताच्या नांवें आधारचा ओटीपी येत नाहीं. वारसाच्या नांवें जमीन लागलेली नाहीं. मधल्या मधें जमीन कसणारा मात्र दोन्हीकडून बाहेर.

दुसरें कारण नकाशाचें. आपल्या वऱ्हाडांतील गांवनकाशे मुळांत साखळीनें मोजलेल्या सर्व्हे नंबरांचे आहेत. पुढें वाटण्या झाल्या, विक्री झाली, एका नंबराचे चार पोटहिस्से पडले. उताऱ्यावर ते चढले, पण पुष्कळ ठिकाणीं मोजणी न झाल्यामुळें नकाशांत चढले नाहींत. म्हणजे कागद आणि नकाशा यांचीच आपसांत ओळख नाहीं. त्यावर मोबाईल आकाशांतील उपग्रहांच्या आधारें सांगतो कीं, तुम्ही ज्या गटाची नोंद करीत आहां त्यापासून तुम्ही दूर उभे आहां. कास्तकार स्वतःच्या बांधावर उभा असतो आणि यंत्र त्यास परका ठरवितें.

तिसरें कारण रेंजचें आणि विजेचें. घाटंजी तालुक्यांत डोंगर आणि जंगल भरपूर. टिपेश्वरच्या अभयारण्याची हद्द आपल्या तालुक्यास लागून आहे. डोंगराच्या आडोशास असलेल्या वावरांत मोबाईलवर धड बोलतां येत नाहीं, तेथून फोटो चढवावयाचा कसा? आणि मुदतीचे शेवटचे दिवस आले म्हणजे राज्यभरचे कास्तकार एकाच वेळीं त्या दारावर जमतात व 'सर्व्हर डाऊन' हे दोन शब्द ऐकून परत फिरतात. जिनिंगचें दार बंद असलें तर बाहेर गाड्यांची रांग तरी दिसते, तिचा पंचनामा करतां येतो. सर्व्हरच्या दारावरील रांग कोणास दिसत नाहीं, आणि तेथून परत गेलेल्याच्या हातीं आपण आलों होतों याचा कसलाच पुरावा राहत नाहीं.

हीं तीनहि कारणें मोठीं आहेत. पण तीं कालांतरानें कमी होतील. मोजणी होईल, मनोरे उभे राहतील, नांवें जुळविलीं जातील. चौथें कारण मात्र काळावर सोडून भागणारें नाहीं. तें असें कीं, या सर्व साखळींत चूक शिरण्याचे मार्ग अनेक आणि निघण्याचा मार्ग एक, तोहि लांबचा. सातबाऱ्यावरील प्रमाणित नोंद तलाठी, ज्यास आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, स्वतः बदलूं शकत नाहीं, आणि तें योग्यच आहे. लेखनांतील चुकीसाठीं महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, याच्या कलम १५५ खालीं तहसील कचेरींत अर्ज, चौकशी, आदेश, आणि मग फेरफार असा क्रम आहे. ती चूक कास्तकाराची नसून यंत्रांत भरणाऱ्याची असली तरी क्रम तोच. बरें, इतकें करून सातबारा सुधारला तरी काम संपत नाहीं. ओळख क्रमांकांत जुनेंच क्षेत्र राहतें, खरेदीच्या नोंदणींत जुनीच नोंद राहते, बँकेंत जुनाच उतारा राहतो. चूक पसरली तेव्हां ती तारेवरून गेली. दुरुस्ती मात्र कास्तकारास स्वतःच्या पायांनीं दारोदार न्यावी लागते. प्रत्येक दारीं उत्तर एकच: 'आमच्याकडे वरून असेंच आलें आहे.' हें 'वर' म्हणजे नेमकें कोण, तें सांगणारा मनुष्य कोणत्याहि खिडकींत बसलेला नसतो.

याच कायद्याचें कलम १५७ वाचकांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे. अधिकार अभिलेखांतील नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागीं दुसरी नोंद कायदेशीर रीतीनें होईपर्यंत, खरी समजावी असें तें सांगतें. हा नियम झाला तेव्हां नोंदीमागें माणसें होतीं. फेरफार चावडीवर लागे, हितसंबंधी लोकांस नोटीस जाई, हरकतीस अवसर मिळे आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करी. इतक्या डोळ्यांखालून गेलेली नोंद खरी मानावी हें न्याय्य होतें. पण यंत्रांत भरतांना जो आंकडा चुकला तो यांपैकीं एकाहि डोळ्याखालून गेलेला नसतो. तरी खरेपणाचा मान त्यास तोच मिळतो, आणि तो खोटा ठरविण्याचा भार मात्र कास्तकाराच्या डोक्यावर येतो.

हा भार किती जड होऊं शकतो हें पाहण्यासाठीं इंग्लंडचें उदाहरण घ्यावें. तेथील पोस्ट खात्यानें १९९९ सालापासून 'होरायझन' नांवाची हिशेबाची संगणक-व्यवस्था आपल्या शाखांत बसविली. व्यवस्थेंतील दोषांमुळें शाखांच्या रोकडींत खोटी तूट दिसूं लागली. गांवोगांवचे उपडाकपाल सांगत होते कीं, आम्हीं पैसा घेतला नाहीं; पण यंत्र तूट दाखवितें म्हणून न्यायालयांनीं त्यांस चोर ठरविलें. १९९९ ते २०१५ पर्यंत ९०० हून अधिक लोकांवर गुन्हे शाबीत झाले. कित्येक तुरुंगांत गेले, कित्येकांनीं घरदार विकून न झालेली तूट भरून दिली. संगणक बरोबर चालतो असें न्यायालयानें गृहीत धरावयाचें, आणि तो चुकला हें आरोपीनें दाखवावयाचें, असा तेथील रिवाज. डिसेंबर २०१९ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें व्यवस्थेंतील दोष मान्य केले, आणि मे २०२४ मध्यें पार्लमेंटला खास कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. जेथें शिक्षण आणि वकील दोन्ही मुबलक, त्या देशांत निरपराध्यांस वीस वर्षें लागलीं. मग आपल्या खेड्यांतील तीन एकरांच्या धन्याचा काय पाड?

दुसरें उदाहरण एकाच मुळावर सर्व भार ठेवण्याचें. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या कंपनीनें रक्षणासाठीं पाठविलेल्या एका सदोष फाइलीमुळें जगांतील सुमारें ८५ लाख संगणक एकदम बंद पडले. विमानें जमिनीवर राहिलीं, इस्पितळांचीं कामें खोळंबलीं. चूक कांहीं तासांत सांपडली, पण पुष्कळ यंत्रांपाशीं माणसानें स्वतः जाऊन दुरुस्ती करावी लागली. म्हणजे चुकीचा वेग आणि दुरुस्तीचा वेग यांतील हें अंतर केवळ आपल्या तहसिलींतील नव्हे; मोठमोठ्या तज्ज्ञांसहि तें अद्याप मिटवितां आलेलें नाहीं. म्हणूनच जेथें चूक होणें टळत नाहीं, तेथें दुरुस्तीची सोय आधींच करून ठेवणें हाच शहाणपणा होय.

कोणी म्हणेल कीं, व्यवस्था नवी आहे, हळूहळू बसेल. बसेल हें खरें. पण बसेपर्यंतच्या हंगामांचें नुकसान कोणीं सोसावयाचें, याचें उत्तर त्यांत नाहीं. दुसरा कोणी म्हणेल कीं, कास्तकारानेंच आपला उतारा वेळीं तपासावयास नको काय? हा आक्षेप रास्त आहे. २०१७ सालीं संगणकीकृत सातबाऱ्यांचें चावडी-वाचन राज्यभर झालें, तेव्हां पुष्कळ खातेदार तेथें फिरकलेहि नाहींत. पण ज्यानें आपली चूक वेळीं दाखविली, अर्ज दिला, पोंच घेतली, त्याचेंहि काम अडून राहतें, तेव्हां दोष कास्तकाराच्या आळसावर टाकतां येत नाहीं.

मग करावें काय? सरकारकडे मागण्या पुढीलप्रमाणें कराव्यात असें सुचवितों.

१. दुरुस्तीस मुदत असावी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५, यांत सेवेची मुदत, जबाबदार अधिकारी आणि अपील यांची तरतूद आहे. नोंदीच्या दुरुस्तीच्या प्रत्येक प्रकारास ती लागू व्हावी. मूळ हस्तलिखित उताऱ्याशीं ताडून उघड दिसणाऱ्या चुकीस लांब चौकशीची गरज नाहीं. ती थोड्या दिवसांत सुधारलीच पाहिजे.

२. दुरुस्ती एकदांच करावी लागावी. सातबारा सुधारला कीं ओळख क्रमांक, पीक नोंद आणि खरेदीची नोंदणी यांत ती सरकारनेंच पोंचवावी. चूक जर आपोआप जाते तर दुरुस्तीहि आपोआप गेली पाहिजे.

३. दुरुस्तीचा अर्ज चालूं असतांना हक्क थांबूं नये. अर्जाची पोंच आणि जुना उतारा किंवा गांवच्या पंचांचा पीक-पंचनामा पाहून माल घ्यावा व अनुदान द्यावें. पुढें खोटें ठरल्यास वसूल करावें.

४. सर्व्हर जितके दिवस बंद, तितके दिवस मुदतींत आपोआप मिळावेत. ते बंद होते याची नोंद सरकारनें ठेवावी व जाहीर करावी. कास्तकाराकडे त्याचा पुरावा मागूं नये.

५. चावडी-वाचन दर वर्षीं, उन्हाळ्यांत, वावरांत काम कमी असतां व्हावें. आणि तेथें दाखविलेली चूक हाच दुरुस्तीचा अर्ज समजावा.

यांत खर्चाची बाब फारशी नाहीं. नवें यंत्र मागितलेलें नाहीं. असलेल्या यंत्रामागें नांवानिशीं उत्तर देणारा मनुष्य मागितला आहे.

आपल्याकडूनहि कांहीं झालें पाहिजे. प्रत्येक खातेदारानें दर वर्षीं पेरणीपूर्वीं सातबारा आणि आठ-अ काढून नांव, क्षेत्र, बोजा आणि मागील हंगामाचें पीक हीं चार कलमें तपासावींत. जुने हस्तलिखित उतारे रद्दी म्हणून टाकूं नयेत. चूक सिद्ध करण्यास पुष्कळदां तोच एक कागद उरतो. पीक नोंद शेवटच्या आठवड्यावर ढकलूं नये, आणि ती झाल्यावर पडद्यावरील नोंदीचा फोटो तारखेसह जपून ठेवावा. अर्ज तोंडी देऊं नये. लेखी द्यावा, आवक क्रमांक व तारीख घेतल्यावांचून खिडकी सोडूं नये. घरांत मृत्यु झाल्यास वारसाची नोंद तेरवीनंतर लगेच हातीं घ्यावी. भावाभावांत वाटणी ठरली नाहीं म्हणून वारसनोंद अडवून ठेवणें म्हणजे सर्वांचेंच दार बंद करणें होय.

आणि जें एकट्यानें होत नाहीं तें आपल्या संघानें करावें. गांवांतील शिकलेल्या मुलांपैकीं दोघांस बसवून ऑगस्ट महिन्यांत एक दिवस सर्व सभासदांचे उतारे ताडून पाहावेत, चुकांची यादी करावी आणि ती यादी संघाच्या नांवें एकत्र तहसील कचेरींत द्यावी. एका कास्तकाराची चूक ही त्याची अडचण म्हणून बाजूस ठेवितां येते. साठ कास्तकारांच्या चुका एका कागदावर आल्या म्हणजे ती व्यवस्थेची चूक ठरते, आणि तिचें उत्तर वरच्यासहि द्यावें लागतें. येत्या वार्षिक सभेंत वरील पांच मागण्यांचा ठराव संमत व्हावा आणि तो जिल्हाधिकारी व महसूल खातें यांजकडे रवाना व्हावा, अशी सभासद बंधूंस विनंती आहे. कपाशीची पुढील वेचणी सुरू होण्यापूर्वीं हें झालें, तर पुष्कळांचा माल योग्य भावानें योग्य दारीं उतरेल.

— एक निवृत्त महसूल कारकून, घाटंजी